पंचाण्णव टक्के की एक्कावन्नात एक?

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत किंवा सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात आपण रक्त देतो. दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि पाच-सहा पानांच्या आकड्यांत एकच ओळ ठळक अक्षरांत दिसते. कुठे काही दुखत नसते, ताप नसतो, वजन घटलेले नसते. पण त्या ओळीसमोर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असते. घरातले सगळे त्या एका शब्दाभोवती गोळा होतात. कुणीतरी इंटरनेटवर शोधून सांगते, की ही चाचणी ९५ टक्के अचूक आहे. मग पुढचा हिशेब जो तो मनातल्या मनात करतो: चाचणी ९५ टक्के बरोबर, रिपोर्ट पॉझिटिव्ह, तेव्हा आजार असण्याची शक्यता ९५ टक्के.

हा हिशेब चुकीचा आहे. आजार दुर्मीळ असेल, तर तो जवळजवळ पन्नास पटींनी चुकलेला असू शकतो. तो का चुकतो, आणि डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना तो बरोबर करायला कसे शिकवता येते, यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे अनेक विद्यापीठांत संशोधन चालू आहे. संख्याशास्त्र, वैद्यक आणि अध्यापन या तीन विद्याशाखा या एका प्रश्नावर एकत्र आल्या आहेत. त्यांनी शोधलेले उत्तर इतके सोपे आहे, की ते आपल्याकडच्या प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक दवाखान्यात पोचायला हवे असे मला मनापासून वाटते.

हार्वर्डमधल्या साठ जणांना विचारलेला प्रश्न

१९७८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला. हार्वर्ड मेडिकल स्कूलशी संबंधित ६० जणांना एकच प्रश्न विचारला होता. त्यात २० विद्यार्थी होते, २० निवासी डॉक्टर होते आणि २० अनुभवी डॉक्टर होते. प्रश्न असा: एक आजार हजारात एकाला होतो. तो ओळखणारी चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एका माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. त्याच्या लक्षणांबद्दल काहीच माहीत नाही. त्याला खरोखर तो आजार असण्याची शक्यता किती?

सर्वांत जास्त लोकांनी दिलेले उत्तर होते ९५ टक्के. साठापैकी २७ जणांनी ते दिले. बरोबर उत्तर फक्त ११ जणांना आले.

छत्तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, अशीच एक पाहणी प्रसिद्ध झाली. बॉस्टन परिसरातल्या एका रुग्णालयात हाच प्रश्न ६१ जणांना पुन्हा विचारला होता. मधल्या काळात संगणक आले, एमआरआय आले, जनुकीय चाचण्या आल्या. बरोबर उत्तर देणारे निघाले १४, आणि ९५ टक्के म्हणणारे पुन्हा २७.

आता आपण हा प्रश्न सोडवू. सूत्र नको, कॅल्क्युलेटर नको. डोळ्यांसमोर १,००० माणसे आणा. आजार हजारात एकाला होतो, म्हणजे यातला १ जण आजारी. चाचणी त्याला बरोबर पकडते असे धरू. उरले ९९९ निरोगी. त्यांच्यापैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जण चुकून पॉझिटिव्ह येतात. आता पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेतलेले सगळे लोक एका रांगेत उभे करा. रांगेत ५१ जण आहेत आणि त्यांत खरा आजारी १. एक्कावन्नात एक, म्हणजे जेमतेम २ टक्के.

एकीकडे ९५ आणि दुसरीकडे २. त्याच आकड्यांतून निघालेली ही दोन उत्तरे. पहिल्या उत्तराने माणसाची झोप उडते, दुसऱ्याने तो शांतपणे पुढची तपासणी करून घेतो.

तांदूळ निवडताना

हे असे का होते, ते समजायला तांदळाचे ताट डोळ्यांसमोर आणावे. निवडणारीची नजर चांगली आहे, पण हात घाईचा आहे. दहा खडे असतील तर त्यातले नऊ ती अचूक उचलते. मात्र जरा काळपट, जरा तुटका दिसला, की चांगला दाणाही खडा समजून बाजूला टाकते. असे ती फार करत नाही, शंभरातल्या चार-पाच दाण्यांच्या बाबतीतच करते. निवडून झाल्यावर ताटाबाहेर पडलेली ढिगुली पाहिली तर तिच्यात काय असेल? तांदूळ स्वच्छ असेल, ताटभर दाण्यांत दोन-तीनच खडे असतील, तर ढिगुलीत जवळजवळ सगळे तांदूळच सापडतील. निवडणारी वाईट म्हणून असे झाले नाही. दाणे संख्येने इतके प्रचंड आहेत, की त्यांच्यातला थोडासा हिस्सासुद्धा दोन-तीन खड्यांना झाकून टाकतो. आता हीच बाई, हाच हात, हीच नजर, पण तांदूळ खड्यांनी भरलेला. बाहेरच्या ढिगुलीत आता बरेचसे खडेच असतील.

चाचणीचेही नेमके असेच असते. पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ एकट्या चाचणीवर ठरत नाही. ज्या लोकांत ती केली, त्या लोकांत मुळात आजार किती आहे, यावरही तो तेवढाच अवलंबून असतो. आजाराच्या या मूळ प्रमाणाला संख्याशास्त्रात आधारदर म्हणतात. हार्वर्डमधल्या २७ जणांनी ५ टक्क्यांचा आकडा वाचला, शंभरातून वजा केला, आणि हजारात एक हा आधारदर जणू दिलाच नव्हता अशा रीतीने बाजूला ठेवला.

यात आणखी एक गफलत दडलेली असते. ‘आजारी माणसांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात?’ आणि ‘पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण आजारी असतात?’ ही दोन वाक्ये घाईत वाचली तर एकच वाटतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चाचणी बनवणारी कंपनी पाकिटावर छापू शकते. त्याला चाचणीची संवेदनशीलता म्हणतात. निरोगी माणसांपैकी किती जण बरोबर निगेटिव्ह येतात, ती तिची विशिष्टता. तीही छापता येते. पण रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाला हवे असते ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, आणि ते कुठल्याही पाकिटावर छापता येत नाही. ते गावागणिक, वयागणिक, लक्षणांगणिक बदलते.

पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा गणिती मार्ग अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, त्याच्या मित्राने त्याचे टिपण लंडनच्या रॉयल सोसायटीतर्फे प्रसिद्ध करवले. त्यातून पुढे बेझचे प्रमेय म्हणून जे सूत्र रूढ झाले, ते आज बारावीच्या पुस्तकातही आहे. म्हणजे उत्तर काढण्याची रीत अडीचशे वर्षे उपलब्ध आहे आणि तरीही चांगले शिकलेले लोक चुकतात. खरा कोडे घालणारा भाग हा आहे.

आकडे तेच, मांडणी वेगळी

१९७० आणि ८० च्या दशकांत मानसशास्त्रज्ञांचा एक मोठा गट म्हणत होता, की माणसाचा मेंदूच संभाव्यतेसाठी घडलेला नाही. डेव्हिड एडी या अमेरिकी डॉक्टरने १९८२ मध्ये सांगितलेले निरीक्षण या मताला पुष्टी देणारे होते. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे, म्हणजे मॅमोग्राफीचे आकडे देऊन त्याने डॉक्टरांना प्रश्न घातला होता. बरोबर उत्तर ८ टक्क्यांच्या आसपास होते. शंभरातल्या सुमारे ९५ डॉक्टरांचा अंदाज मात्र ७५ टक्क्यांच्या जवळपास होता.

गर्ड गिगेरेन्झर आणि उलरिख हॉफरागे या दोन जर्मन मानसशास्त्रज्ञांना हे निदान पटले नाही. त्यांनी विचारले, दोष मेंदूत आहे की आकडे सांगण्याच्या पद्धतीत? टक्केवारी ही माणसाच्या इतिहासात अगदी अलीकडची गोष्ट आहे. अनुभव आपल्याला टक्क्यांत येत नाही. वैद्य, सुईण, शेतकरी जे शिकतात ते मोजून शिकतात: इतक्या जणांना असे झाले, त्यातले इतके वाचले. मग आकडे त्याच रूपात दिले तर?

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तीच उदाहरणे दोन पद्धतींनी दिली होती. टक्क्यांत दिल्यावर १६ टक्के वेळा बरोबर उत्तर आले. माणसांच्या संख्येत दिल्यावर ४६ टक्के वेळा. कोणतेही शिक्षण दिले नव्हते, सूत्र सांगितले नव्हते; फक्त वाक्ये बदलली होती. पुढे ४८ जर्मन डॉक्टरांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा हे प्रमाण १० वरून ४६ टक्क्यांवर गेले.

या मांडणीला त्यांनी नैसर्गिक वारंवारता असे नाव दिले. नाव जरा भारदस्त आहे, पण अर्थ एवढाच, की एका ठरावीक गटापासून सुरुवात करायची आणि त्याचे तुकडे मोजत जायचे, मध्ये कुठेही पुन्हा शंभरावर यायचे नाही.

फरक कुठे पडतो, ते मॅमोग्राफीच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. २००६-०७ च्या सुमारास गिगेरेन्झर जर्मनीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी प्रशिक्षण वर्ग घेत होते. अशा १६० डॉक्टरांना त्यांनी हे आकडे दिले: तपासणीला येणाऱ्या स्त्रियांपैकी १ टक्क्याला स्तनाचा कर्करोग असतो, कर्करोग असलेल्या स्त्रीची तपासणी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, कर्करोग नसलेल्या स्त्रीचीही ९ टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. पॉझिटिव्ह आलेल्या बाईने विचारले, ‘डॉक्टर, मला कॅन्सर आहे का?’ तर तिला काय सांगाल? उत्तरासाठी चार पर्याय होते. त्यातला बरोबर पर्याय फक्त २१ टक्के डॉक्टरांनी निवडला. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले असते तरी २५ टक्के बरोबर आले असते. सर्वाधिक डॉक्टरांची निवड ९० टक्के ही होती.

मग त्यांना टक्क्यांची माणसे करायला शिकवले. १,००० स्त्रिया घ्या. त्यातल्या १० जणींना कर्करोग आहे. त्या १० पैकी ९ जणी पॉझिटिव्ह येतात. उरलेल्या ९९० जणींपैकी सुमारे ८९ जणीही पॉझिटिव्ह येतात. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यांतल्या कर्करोग असलेल्या ९. म्हणजे दहातली साधारण एक. हे शिकल्यावर ८७ टक्के डॉक्टरांनी बरोबर पर्याय निवडला.

हे डॉक्टर आळशी नव्हते, निष्काळजी नव्हते. रोज शेकडो स्त्रिया त्यांच्यावर विसंबून असतात. त्यांना लागणारी गोष्ट त्यांच्या अभ्यासक्रमात चुकीच्या रूपात आली होती, एवढेच.

या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजतात. १९९० च्या दशकात याच संशोधकांच्या एका सहकाऱ्याने जर्मनीतल्या २० सरकारी आरोग्य केंद्रांत जाऊन एचआयव्ही चाचणीपूर्व समुपदेशन घेतले. त्याला कसलाही विशेष धोका नव्हता. पॉझिटिव्ह आले तर लागण झाल्याची खात्री किती, असे तो विचारायचा. वीसपैकी दहा समुपदेशकांनी सांगितले, की शंभर टक्के. त्या वेळच्या कमी धोक्याच्या जर्मन पुरुषांत साधारण दहा हजारांत एकाला लागण होती, आणि दहा हजारांत एखादी चाचणी चुकून पॉझिटिव्ह येत होती. म्हणजे एक खरा आणि एक खोटा. अशा माणसासाठी पॉझिटिव्हचा अर्थ निम्मी शक्यता एवढाच होता.

| चौकट: टक्क्यांची माणसे कशी करायची |
| --- |
| १. एक गोल आकडा घ्या: १,००० माणसे. आजार फारच दुर्मीळ असेल तर १०,००० किंवा १,००,०००. |
| २. आपल्यासारख्या लोकांत आजाराचे मूळ प्रमाण किती, ते पाहून गटाचे दोन भाग करा: आजारी आणि निरोगी. |
| ३. आजारी लोकांपैकी किती जणांना चाचणी पकडते, ते मोजा. हे खरे पॉझिटिव्ह. |
| ४. निरोगी लोकांपैकी किती जण चुकून पॉझिटिव्ह येतात, ते मोजा. हे खोटे पॉझिटिव्ह. |
| ५. दोन्हींची बेरीज करा आणि त्यांत खरे किती ते पाहा. |
| दोन आजारांची किंवा दोन चाचण्यांची तुलना करताना मूळ गट तोच ठेवा. एकीकडे ‘२५ मध्ये १’ आणि दुसरीकडे ‘१०० मध्ये ६’ असे लिहिले, तर कोणता धोका मोठा ते चटकन कळत नाही. |

टक्के काय लपवतात

मांडणी बदलल्याने इतका फरक का पडावा? टक्क्यांत प्रत्येक गट नव्याने शंभरापासून सुरू होतो. ‘आजाऱ्यांपैकी ९० टक्के’ आणि ‘निरोगींपैकी ९ टक्के’ ही वाक्ये शेजारी ठेवली, की ९० समोर ९ फारच किरकोळ वाटतात. पण पहिले टक्के दहा जणींचे आहेत आणि दुसरे नऊशे नव्वद जणींचे. गटाचा आकार टक्क्यांत पुसला गेला आणि नेमका तोच महत्त्वाचा होता. बेझच्या सूत्रात तो आकार गुणाकार करून परत आणावा लागतो. म्हणून सूत्र लांबलचक होते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. माणसे मोजत गेलो, तर आकार कधी हरवतच नाही. शेवटी एकच बेरीज आणि एकच भागाकार उरतो.

एक महत्त्वाचा खुलासा इथेच करायला हवा. ‘पॉझिटिव्ह आले तरी दहात एकच खरा असतो’ असा सरसकट अर्थ यातून काढला, तर तो घातक ठरेल. वरचा हिशेब काहीही त्रास नसताना केलेल्या तपासणीचा आहे. समजा, ज्यांना गाठ हाताला लागते आहे अशाच १,००० स्त्रिया आल्या आणि त्यांच्यात २०० जणींना कर्करोग आहे असे धरले. चाचणी तीच. आता खऱ्या पॉझिटिव्ह १८० येतील, खोट्या ७२. पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ दहातल्या सात जणी, इतका गंभीर होतो. डॉक्टर आधी लक्षणे विचारतात, घरात कुणाला होते का विचारतात, हात लावून तपासतात, त्याचे संख्याशास्त्रीय कारण हे आहे. त्यातून ते तुमचा मूळ गट ठरवत असतात. कुणी न सांगता स्वतःहून तीस-चाळीस चाचण्यांचे पॅकेज करून घेतले, तर तो गट ठरवण्याची पायरीच गाळली जाते, आणि इतक्या चाचण्यांत एखादी चुकून पॉझिटिव्ह येण्याची शक्यता वाढत जाते. दिवाळीच्या सवलतीत अशी पॅकेजे भेट देण्याची जी पद्धत पडते आहे, ती मला म्हणूनच चिंतेची वाटते.

निगेटिव्ह रिपोर्टही याच हिशेबाने वाचावा. मॅमोग्राफीच्या उदाहरणात ९०२ स्त्रिया निगेटिव्ह आल्या आणि त्यांत कर्करोग असलेली एकच होती. तो निगेटिव्ह बराच दिलासा देतो. उलट २०२० मध्ये कोरोनाची झटपट अँटीजेन चाचणी निगेटिव्ह आली पण ताप-खोकला आहे, अशा माणसाची आरटी-पीसीआर करावीच, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सांगितले होते. ती चाचणी बऱ्याच रुग्णांना सोडून देत होती आणि साथीच्या काळात लक्षणे असलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण मोठे होते. तिथे निगेटिव्हवर विश्वास ठेवणे धोक्याचे होते.

दुसरी चाचणी कशासाठी?

पॉझिटिव्ह आलेल्या त्या ९८ जणींकडे पुन्हा जाऊ. त्यांची आणखी एक, वेगळ्या पद्धतीची आणि तेवढीच चांगली चाचणी केली. आता या गटात मूळ प्रमाण हजारात दहा राहिलेले नाही, ९८ मध्ये ९ झाले आहे. नऊपैकी आठ पुन्हा पॉझिटिव्ह येतील. ८९ पैकीही साधारण आठ येतील. सोळात आठ. एकाच पायरीत दहात एकवरून निम्म्यावर आलो. तिसऱ्या चाचणीने चित्र आणखी लखलखीत होते.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या नियमांनुसार, लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्ही पॉझिटिव्ह ठरवण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात. त्यामागे हाच हिशेब आहे. चाचण्या वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या हव्यात, यालाही अर्थ आहे: एकाच प्रकारची चाचणी पुन्हा केली, तर ज्या कारणाने ती पहिल्यांदा फसली त्याच कारणाने ती दुसऱ्यांदाही फसू शकते.

क्षयरोगाची रक्तातली प्रतिपिंडे पाहून निदान करणाऱ्या चाचण्यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्या आपल्याकडे खासगी प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे सर्रास होत होत्या. त्या खरे रुग्ण सोडत होत्या आणि क्षय नसलेल्यांना पॉझिटिव्ह ठरवत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. ज्यांना क्षय नव्हता अशा माणसांनी चुकीच्या रिपोर्टवर कित्येक महिने कडक औषधे घ्यायची, आणि ज्यांना होता त्यांनी निर्धास्त राहायचे, हा प्रकार थांबवण्यासाठी ती बंदी आवश्यकच होती.

शिकवायचे कसे?

मांडणी बदलली की काम झाले, असे सुरुवातीला वाटले होते. अध्यापनशास्त्राचे संशोधक या क्षेत्रात उतरल्यावर चित्र जास्त खरे झाले.

पेटर सेडलमायर आणि गिगेरेन्झर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना संगणकावर दोन तासांपेक्षा कमी वेळाचा पाठ दिला. काहींना बेझचे सूत्र शिकवले आणि त्यात आकडे कसे घालायचे ते दाखवले. इतरांना टक्क्यांची माणसे करून झाडासारख्या आकृतीत मांडायला शिकवले: वर एक हजार, त्याच्या दोन फांद्या आजारी आणि निरोगी, प्रत्येकीच्या पुन्हा दोन फांद्या. पाठ संपल्यासंपल्या दोन्ही गट सुधारले होते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा सूत्रवाले बरेचसे विसरले होते. झाड काढायला शिकलेल्यांचे कौशल्य टिकून होते. शिक्षकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण परीक्षेच्या दिवशी दोन्ही गट सुधारलेलेच दिसले असते.

२०१७ मध्ये ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. टक्क्यांच्या मांडणीत सरासरी ४ टक्के लोक बरोबर उत्तर काढतात आणि नैसर्गिक वारंवारतेत २४ टक्के, असे त्यात दिसले. सहापट सुधारणा झाली खरी, पण तरीही चारांतले तीन चुकतातच. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात गणिताच्या अध्यापनावर काम करणाऱ्या पाट्रिक वेबर, कारिन बिंडर आणि श्टेफान क्राउस यांनी या उरलेल्यांचा माग काढला. २०१८ मध्ये त्यांनी दाखवले, की माणसांच्या संख्येत दिलेले उदाहरण सुमारे निम्मे विद्यार्थी आधी टक्क्यांत किंवा संभाव्यतेत रूपांतरित करतात आणि मग त्यात अडकतात. सोपी वाट समोर असताना ते अवघड वाटेने जातात, कारण शाळेने त्यांना वर्षानुवर्षे शिकवलेले असते, की संभाव्यतेचे गणित म्हणजे अपूर्णांक आणि टक्केच. माणसे मोजणे हे जणू खरे गणित नव्हे.

तेव्हा नुसते आकडे बदलून भागत नाही, सवय बदलावी लागते. जर्मनीतल्या काही विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘ट्रेनबेझ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, तो त्यासाठीच. त्यात वैद्यकाच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी छोटे पाठ तयार करून तपासले गेले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना याची गरज का, असे वाटेल. पण डीएनए जुळला म्हणजे आरोपी दोषी असण्याची शक्यता किती, हा प्रश्न याच घाटाचा आहे. त्यांच्या पाठांतली एक आकृती म्हणजे दुहेरी झाड. वरून खाली आजारी-निरोगी अशा फांद्या येतात, मध्ये चार गट बनतात, आणि तेच चार गट खाली पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असे पुन्हा एकत्र होतात. वरून वाचले की चाचणीची संवेदनशीलता दिसते. खालून वाचले की रिपोर्टचा अर्थ दिसतो. ज्या दोन प्रश्नांची गफलत होते, ते एकाच चित्राच्या दोन टोकांना बसतात.

आपल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना सामाजिक वैद्यक शिकताना पार्क यांच्या प्रसिद्ध पुस्तकातला चार चौकोनांचा तक्ता पाठ असतो: अ, ब, क, ड. त्या चौकोनांत माणसेच असतात. म्हणजे योग्य साधन त्यांच्या हातात आधीपासून आहे. मात्र परीक्षेत तो तक्ता बहुधा भरलेलाच मिळतो आणि त्यावरून टक्के काढायचे असतात. बाह्यरुग्ण विभागात उलटे असते: टक्के मिळतात आणि तक्ता स्वतः उभा करावा लागतो. हा उलटा सराव इंटर्नशिपमध्ये, समोर खरा रिपोर्ट असताना, करून घेतला तर त्याला जेमतेम एक दुपार लागेल.

आणि बारावीच्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. एनसीईआरटीच्या पुस्तकात बेझच्या प्रमेयाखाली एचआयव्ही चाचणीचेच एक उदाहरण आहे. लागण ०.१ टक्के लोकांना, लागण असलेल्यांपैकी ९० टक्के पकडले जातात, नसलेल्यांपैकी १ टक्का चुकून पॉझिटिव्ह येतात. सूत्र लिहिण्याआधी फळ्यावर १०,००० माणसे घ्या. लागण झालेले १०, त्यांतले ९ पॉझिटिव्ह. उरलेले ९,९९०, त्यांतले सुमारे १०० पॉझिटिव्ह. एकूण १०९ मध्ये ९ खरे, म्हणजे ८ टक्क्यांच्या थोडे वर. हे मुलांनी स्वतः मोजून झाल्यावरच सूत्र सांगा. त्या वर्गातली काही मुले पुढे डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि वकील होणार आहेत, आणि बाकीची सगळी कधी ना कधी रुग्ण.